मिशीवाला र

अन्वरभाईला लग्नाची पत्रिका देऊ नये. दिलीच, तर तो ती वाचत नाही, तपासतो. खिशातून पितळेचं घडीचं भिंग काढतो, पत्रिकेवर उभं करतो, एक डोळा मिटतो आणि वाकून अक्षर न् अक्षर बघत सुटतो. पत्रिका द्यायला आलेला मुलीचा बाप हातातला पेढ्यांचा पुडा सांभाळत ताटकळत उभा. दोनेक मिनिटांनी अन्वरभाई मान वर करतो आणि गंभीर चेहऱ्याने सांगतो, "तुमच्या वऱ्हाडाला टोपी घातली, शेठ."

मुलीच्या बापाच्या तोंडचं पाणी पळतं. हॉलवाल्याने फसवलं, की केटररने, की खुद्द मुलाकडच्यांनी? मग अन्वरभाई त्याला खुर्चीवर बसवून समजावतो. ‘वऱ्हाड’ या शब्दातला अर्धा र ‘ह’च्या डाव्या अंगाला आडवा यायला हवा, मिशीसारखा. छापखान्याच्या कॉम्प्युटरने ती मिशी उडवली आणि ‘ह’च्या डोक्यावर रफार चढवला, टोपीसारखा. "मिशी पायजे तिथं टोपी आली. फॉल्ट हाय. माल पास नाय होणार." मुलीचा बाप सुटकेचा श्वास सोडून "एवढंच ना!" म्हणतो, आणि तिथेच चुकतो. कारण ‘एवढंच ना’ ऐकलं की अन्वरभाई पुढचा पाऊण तास त्याला सोडत नाही.

ते भिंग म्हणजे भिवंडीतल्या कापड तपासणाऱ्याचं हत्यार. कापडावर ठेवायचं, एका इंचात उभे धागे किती, आडवे किती ते मोजायचं, विणीत खोट असेल तर खडूने खूण करायची. अन्वरभाईने बावीस वर्षं एका कारखान्यात हेच केलं. कारखाना बंद झाला, भिंग खिशात राहिलं. आता तो समोर येईल ते तपासतो. तुमच्याशी बोलता बोलता तुमच्या शर्टाची बाही धरून धागे मोजतो आणि "दुकानदाराने काय सांगून दिला हो हा?" असं विचारून तुमचा दिवस खराब करतो.

आता माझी ओळख. मी सुभाष बऱ्हाटे. कासार आळीत माझं टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. पाटीवर आता ‘कॉम्प्युटर’ असा शब्द वरून जोडलाय, पण अर्ध्या भिवंडीचे कारकून माझ्या हाताखालून गेले ते टाइपरायटरवर. तहसीलात जा, कोर्टात जा, ‘सर, या, बसा’ म्हणणारा एक तरी निघतोच. आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमचा गैरसमज नको: मी अन्वरभाईवर जळतो. थोडाथोडका नाही. चांगला जळतो.

का जळू नये? हा माणूस माझ्याकडे टायपिंग शिकला! कारखाना सुटला तेव्हा आला. बी.एस्सी. फिजिक्स, पण मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा पास व्हायला सात महिने लागले. कारण तो टाइप करतच नसे, प्रश्न विचारी. "सर, या मशिनीत र दोन प्रकारचा का? एक वर बसतो, एक बाजूला?" मी म्हणायचो, "अन्वरभाई, कळ दाबा. प्रश्न परीक्षेत येत नाहीत." बारा मशिनी खडखडत असताना एका माणसाला र चा इतिहास कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर, नवा प्रश्न घेऊन.

तर असा हा विद्यार्थी. आणि आज त्याच्या नावाने परदेशातून ई-मेल येतात. मला येतात ते फक्त वीज कंपनीचे.

झालं ते एका सत्काराने. आमच्या आळीतल्या शाळेने ठरवलं की दुपारची खिचडी रांधणाऱ्या बायकांचा सत्कार करायचा. विचार चांगला. पत्रिकेचा मजकूर मी स्वतः टाइप करून दिला: ‘आचाऱ्यांचा सत्कार’. छापखान्यात गेला, तिथल्या कॉम्प्युटरने मिशी कापून टोपी चढवली आणि पत्रिका छापून आली: ‘आचार्यांचा सत्कार’. कोणाच्या लक्षात आलं नाही. खिचडीवाल्या बायकांनी पत्रिका वाचली, कोणी विद्वान येणार आहेत असं समजून त्या घरी राहिल्या. आणि अकलोलीला गरम पाण्याच्या कुंडांकडे राहणारे एक आचार्य, ज्यांना चुकून एक पत्रिका गेली होती, ते रेशमी उपरणं घालून वेळेवर हजर!

मुख्याध्यापिकेने काय करावं? आचार्य व्यासपीठावर बसलेले, शेजारी पाच शाली, पाच नारळ आणि पाच स्टीलचे डबे. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून अन्वरभाई ओरडला, "टोपी घातली! सर, तुमच्या आचाऱ्यांना टोपी घातली!" हातात भिंग, भिंगाखाली पत्रिका. साऱ्या सभेने वळून माझ्याकडे पाहिलं. मजकूर बऱ्हाटे सरांचा, हे सगळ्यांना ठाऊक. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. अन्वरभाई मात्र तोवर बाहेर पळाला होता. अर्ध्या तासात दोन रिक्षांत भरून पाचही बायकांना घेऊन आला, एकीच्या हाताला तर पीठ होतं तसंच. आचार्यही भले गृहस्थ. त्यांनी स्वतःच्या हाताने शाली घातल्या आणि खिचडीची तारीफ केली. टाळ्या पडल्या, पण नाव झालं ते अन्वरभाईचं.

त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात किडा शिरला. मी छापखान्याला शिव्या घालून मोकळा झालो. हा म्हणाला, "सर, छापखान्याचा फॉल्ट नाय. कापडात एकाच जागी परत परत फॉल्ट येतो, तेव्हा विणकराला नाय बोलायचं, लूम बघायचा. हा फॉल्ट खालून येतोय." आणि तो खाली शोधायला निघाला.

खाली म्हणजे कुठे, ते त्याने मला शंभरदा सांगितलंय, म्हणून मलाही आता थोडं कळतं. कॉम्प्युटरला आपली अक्षरं दिसत नाहीत, आकडे दिसतात. त्या आकड्यांची जोडाक्षरं जुळवून पडद्यावर मांडणारा एक लहानसा प्रोग्राम असतो. तो तुमच्या फोनमध्ये आहे, बँकेत आहे, रेशनच्या मशिनीत आहे. अन्वरभाईने शोधला तेव्हा त्याला कळलं की या प्रोग्रामला मालक नाही. जगात कुठेतरी दोन माणसं हौसेने, फुकट, तो सांभाळत होती. मराठी त्यांना येत नव्हती. अन्वरभाईने त्यांना कळवलं. भिंगातून काढलेले चाळीस फोटो पाठवले. त्यांनी लिहिलं, ‘छान, आता तुम्हीच दुरुस्त करा.’ दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता. याने पंचेचाळिशीत प्रोग्रामिंगची पुस्तकं आणली.

पुढे त्या दोघांपैकी एकाला नोकरी लागली, दुसऱ्याला जुळं झालं. दोघेही निघून गेले आणि प्रोग्रामची किल्ली राहिली अन्वरभाईकडे. वंजारपट्टी नाक्याजवळ, भावाच्या लूमच्या शेडवर पत्र्याची एक खोली आहे. खाली लूम धडधडतात, वर हा एकटा बसून जगाची जोडाक्षरं सांभाळतो. लग्न केलं नाही. जेवण भावजय खालून पाठवते, ते निवतं, मग खातो.

त्याचं भाषण पाठ झालंय आम्हाला. धामणकर नाक्यावरचा चहावालासुद्धा ते म्हणून दाखवतो. "रस्ता कोण बांधतो? सरकार. पाण्याची टाकी? सरकार. मग हे इंटरनेट आभाळातून पडलं काय? त्याच्या खाली पण पाया हाय. आणि तो पाया कोण सांभाळतो? माझ्यासारखे चार येडे! एक येडा आजारी पडला की गेली टाकी फुटून. ते काय नाय. पाया सगळ्यांचा, तर पैसा पण सगळ्यांचा पायजे. आणि नुसता पैसा नको, शास्त्र पायजे. मोजा! फॉल्ट किती, कुठं, कशाने, मोजा! आमच्याकडं पन्नास रुपये मीटरचं कापड मोजून पास करतात आणि करोडो लोक वाचतात ते अक्षर कोणी मोजत नाय?" मग आवाज खाली आणून, "पाया कोणी बघत नाय, सर." आणि माझ्या बशीतलं बिस्किट उचलतो.

हे सगळं एक वेळ मी सहन केलं असतं. पण एक दिवस बंगळुरूहून एक संशोधक बाई इन्स्टिट्यूटच्या दारात येऊन उभी राहिली. तरणी, चष्मेवाली, पाठीवर सॅक. मी केस सारखे केले. वाटलं, मराठी टायपिंगवर काही विचारायला आली असेल, तीस वर्षांचा अनुभव आहे माणसाला. ती म्हणाली, "अन्वर साहेब कुठे राहतात?" साहेब! माझ्या उंबऱ्यावर उभं राहून अन्वर साहेब!

मी रिक्षा थांबवली. रिक्षावाला नवा होता, जौनपूरकडचा. मी हात करून म्हटलं, "नाक्यावरून वळ." आता खरं सांगतो, ‘वळ’ मी जरा जास्तच ठसठशीत म्हटलं. रिक्षावाल्याला मराठीतलं ‘वळ’ ठाऊक नव्हतं, वळ गाव मात्र ठाऊक होतं. त्याने बाईला थेट वळला नेलं. दीड तास ती गोदामांच्या रांगांमधून, कंटेनरच्या मधून, अन्वर साहेबांना विचारत फिरली. तिथे अन्वर नऊ निघाले, सगळे हमाल.

संध्याकाळी अन्वरभाई तिला घेऊन इन्स्टिट्यूटमध्ये आला. मी उगाच फायली चाळू लागलो. पण तो हसत होता. "सर, मॅडम वळला जाऊन आल्या! फॉल्ट रिक्षावाल्याचा नाय, भाषेचा हाय." आणि तिला म्हणाला, "ये मेरे सर हैं. मराठी टायपिंग मैंने इन्हीं से सीखी." तिने वाकून नमस्कार केला. माझ्या जुन्या टाइपरायटरवर मिशीवाल्या र ची वेगळी कळ आहे, ती त्याने तिला दाखवली. "देखो मॅडम, लोखंडाला जमत होतं." तिने कळेचे फोटो काढले. माझा एकही काढला नाही.

या सगळ्यात माझी एक खरी तक्रार आहे, आणि ती हेव्याची नाही. निदान मला तसं वाटायचं.

माझी बायको सुमन. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. घर आणि इन्स्टिट्यूट एकच. पुढे मशिनी, मागे स्वयंपाकघर. दुपारी शाळेतून आली की स्वयंपाकघराच्या दाराशी लाकडी खुर्ची टाकून पोरांच्या वह्या तपासत बसायची. अन्वरभाई तिचा लाडका. घावन केले की पहिला त्याला. मी म्हणायचो, "अगं, फी भरणाऱ्यांना दे." ती म्हणायची, "तो प्रश्न विचारतो. तुम्ही विचारता का कधी काही?"

चार वर्षांपूर्वी सुमन गेली. तिच्या मृत्यूचा दाखला घ्यायला मी महापालिकेत गेलो तेव्हा अन्वरभाई सोबत होता. खिडकीत माझाच जुना विद्यार्थी बसलेला. दाखला हातात आला. ‘सुमन सुभाष’ इथवर ठीक, पुढे ‘बर्’, मग ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ, मग ‘हाटे’. आडनावाचे दोन तुकडे आणि मध्ये खड्डा. मी म्हटलं, हे नीट करून दे. तो म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलंत, तीच कळ दाबतोय. कॉम्प्युटर घेत नाय." त्याने सहा वेळा दाबली, सहा वेळा खड्डा आला. मी ओरडलो. भर खिडकीत, लोकांसमोर, मोठमोठ्याने ओरडलो. तीस वर्षं मी या गावाला अक्षरं शिकवली आणि माझ्या बायकोचं नाव मला धड लिहून मिळेना. शेवटी तोच कागद घडी करून घरी आणला आणि कपाटात ठेवला. पुन्हा उघडला नाही.

आणि अन्वरभाई? जो माणूस लग्नाच्या पत्रिकेवर पाऊण तास बोलतो, तो त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. तेराव्याला आला, कोपऱ्यात बसला, भिंग काढलं आणि सतरंजीचे धागे मोजत राहिला. लोक बघत होते. उठला आणि गेला. त्यानंतर चार वर्षांत त्याने सुमनचं नाव एकदाही काढलं नाही. रोज चारला येतो, स्वतः चहा करतो, मला देतो, स्वयंपाकघराच्या दाराशी त्याच लाकडी खुर्चीवर बसतो. गादीची खुर्ची रिकामी असते, पण नाही. "इथं पंखा लागतो, सर." तिथे पंखा लागत नाही. घावन खाल्ले त्याने, आणि नाव काढायला जीभ रेटत नाही! मी मनात म्हणायचो, हा माणूस अक्षरांवर माया करतो, माणसांवर नाही.

आता गेल्या महिन्याची गोष्ट. विज्ञानाच्या कुठल्याशा सरकारी निधीतून असे पायाचे प्रोग्राम सांभाळणाऱ्यांना पैसे द्यायचं ठरलं. दोन वर्षं काम करता येईल, दोन मदतनीस ठेवता येतील, फॉल्ट मोजायची नीट व्यवस्था उभारता येईल. अन्वरभाई ज्यासाठी नाक्यावर घसा फोडत होता, अगदी तेच. त्याच्या अर्जात सगळं होतं, फक्त एक पत्र हवं होतं: मराठी मजकुरात आयुष्य घालवलेल्या माणसाने प्रोग्राम स्वतः तपासून दिलेलं. मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच.

सोमवारी तो आला. "सर, तुम्हीच द्या. दुसरा कोण हाय?" प्रोग्रामचा पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला. मग चहा ढवळत म्हणाला, "नाय झालं तर पण ठीक हाय. वडप्याला गोदामात बारकोड तपासायची ड्युटी मिळतेय, बारा तासांची. भाऊ बोलतो, आता बस झालं, वर बसून काय पिकवतोस? लूम पण विकायला काढलेत त्याने." "आणि प्रोग्राम?" मी विचारलं. "किल्ली खाली ठेवायची. कोणी उचलली तर उचलली." हे बोलताना त्याने भिंग उघडलं आणि मिटलं, उघडलं आणि मिटलं.

मी म्हटलं, "बघतो." हा ‘बघतो’ कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. मंगळवारी मी त्याला सांगितलं, प्रिंटरची शाई संपलीय. बुधवारी म्हटलं, डोळे दुखताहेत. तो म्हणाला, "आराम करा, सर, डोळे महत्त्वाचे." आणि निघून गेला. मनात काय होतं ते सांगतो. दिल्लीहून पैसे आले की पेपरात फोटो येईल. ‘भिवंडीचा सुपुत्र.’ मग माझ्याकडे वार्ताहर येतील आणि विचारतील, अन्वर साहेब तुमच्याकडे कुठल्या खुर्चीवर बसायचे हो?

गुरुवारी दुपारी जेवून मी पत्र लिहायला बसलो. लिहिलंसुद्धा. ‘श्री. अन्वर हे मेहनती व प्रामाणिक गृहस्थ आहेत. तथापि, त्यांचे शिक्षण या विषयातील नाही.’ सरकारी मराठीत ‘तथापि’ने माणूस बिनबोभाट मारता येतो, मी तीस वर्षं असे तथापि टाइप केलेत. पुढे लिहिलं, ‘सदर प्रोग्राम मी तपासला असून.’ इथे हात थांबला. तपासला नव्हता. मी जळका आहे, पण न तपासता ‘तपासला’ लिहिणारा नाही. पेन ड्राइव्ह लावला.

आत फायलींचा डोंगर. एकीचं नाव ‘तपासणी’. उघडली. नुसत्या शब्दांची यादी होती. प्रोग्राममध्ये जगात कोणीही, कुठेही, जरासा बदल केला, तर आधी मशीन ही यादी वाचतं. यादीतला एकही शब्द वाकडा आला, तर तो बदल पुढे जात नाही. खाली ‘वऱ्हाड’ होतं, ‘दऱ्या’ होतं, ‘आचाऱ्यांचा सत्कार’ होतं. ते वाचून हसू आलं. मग पहिली ओळ वाचली.

‘सुमन सुभाष बऱ्हाटे.’

शेजारी त्याचा शेरा: ‘मिशी पाहिजे, टोपी नको. सुमनबाईंनी शिकवलं.’

मी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. टोपी आणि मिशी हे मी इतकी वर्षं अन्वरभाईचं खूळ समजत होतो. त्याची नक्कल करून लोकांना हसवत होतो. ते सुमनचं होतं? पहिलीच्या पोरांना ती असं शिकवायची? माझ्या घरात, माझ्या पाठीमागे, दहा पावलांवर तिने हे त्याला सांगितलं, आणि मला पत्ता नाही. माझ्या बायकोचा शब्द या माणसाकडे होता आणि माझ्याकडे नव्हता. त्या दुपारी मी जेवढा जळलो, तेवढा आयुष्यात कधी जळलो नाही.

फायलीखाली जुना पत्रव्यवहार होता. परदेशातल्या कोणीतरी विचारलं होतं, ही पहिली ओळ कशाला? तीच खोट खालच्या शब्दांनीही तपासली जाते, ही काढून टाकू या. अन्वरभाईने त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तर दिलं होतं: ‘कृपा करून राहू द्या. त्या आमच्या बाई होत्या.’ ते पटलं असावं, कारण ओळ तिथेच होती. ओळ घातल्याची तारीख बघितली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीची.

मी एक कोरं पान उघडलं आणि तिचं नाव टाइप केलं. नीट आलं. मिशीसकट. आणि मग डोक्यात प्रकाश पडला की गेली तीन वर्षं माझ्या कॉम्प्युटरवर माझं आडनाव नीटच येत होतं. मला वाटायचं, कंपनीने सुधारलं असेल. मी कधी विचारलंच नाही.

शुक्रवारी चारला अन्वरभाई आला. पत्राचं काही बोलला नाही, चहाचं आधण ठेवायला आत निघाला. मी त्याला थांबवून कागद हातात दिला. नवं पत्र चार ओळींचं होतं, त्यात एकही तथापि नव्हता. ‘मी तीस वर्षे मराठी टंकलेखन शिकवतो. हा प्रोग्राम मी स्वतः तपासला. त्याच्या तपासणीत पहिले नाव माझ्या दिवंगत पत्नीचे आहे. ते बरोबर येते, आणि ते बरोबर यावे म्हणून श्री. अन्वर यांचे काम चालू राहिले पाहिजे.’ खाली सही.

तो लाकडी खुर्चीवर बसला. सवयीने भिंग काढलं, कागदावर उभं केलं, वाकला. एक ओळ, दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीवर भिंग थांबलं ते हलेचना. बऱ्याच वेळाने त्याने भिंग मिटून खिशात टाकलं. "पास," एवढंच म्हणाला.

पत्र स्कॅन करून आम्ही पाचच्या आत पाठवलं. पैसे मिळतील की नाही, अजून कळलेलं नाही. वडप्याच्या लोकांना त्याने पहिल्या तारखेपर्यंत थांबायला सांगितलंय. मग त्याने चहा केला, मला दिला, पुन्हा त्याच खुर्चीवर जाऊन बसला. माझ्याच्याने राहवलं नाही.

"अन्वरभाई, मिशीचं सुमनने मला कधी सांगितलं नाही हो."

त्याने कप खाली ठेवला. त्याच्याकडे खरं उत्तर होतं, मलाही ते माहीत होतं: ‘सर, तुम्ही कधी विचारलं नाय.’ फॉल्ट दिसला की गप्प न बसणारा माणूस. मी मान खाली घालून वाट बघत बसलो.

"सांगितलं असणार, सर," तो म्हणाला. "बारा मशिनी चालायच्या. आवाज किती असायचा. तुम्हाला ऐकू कसं येणार?"